आज तुझा वार नाही

धाकटी : पुन्हा विचारते, ताई. काय हवंय?

थोरली : काही नको गं. असंच आले.

धाकटी : असंच.

थोरली : हो. बहिणीकडे असंच येऊ नये का?

धाकटी : यावं की. लोक येतात. आपल्या घराण्यात कोण आलंय आजवर असंच? मागच्या खेपेला तू इथं आलीस ती आईच्या भिंतीवर आपल्या तिघा भावंडांच्या पाळ्यांचं वेळापत्रक लावायला मोजपट्टी हवी म्हणून. उभ्या उभ्या नेलीस. परत दिली नाहीस.

थोरली : आणीन.

धाकटी : मोजपट्टी जाऊ दे. भर दुपारी, कामाच्या दिवशी, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर रफू करणाऱ्या बहिणीच्या खोलीत येऊन स्टुलावर बसते, पर्स मांडीवर घट्ट धरते आणि म्हणते असंच! ताकाला येऊन भांडं लपवू नकोस.

थोरली : रजा घेतलीय आज.

धाकटी : तू? रजा? अपेंडिक्स दुखत होतं तेव्हा तू ड्यूटी संपवून मग ॲडमिट झालीस. भावोजी बरे आहेत ना?

थोरली : बरे आहेत.

धाकटी : लेक?

थोरली : परीक्षा आहे. दार लावून बसलाय. आत अभ्यास करतो की झोपतो, देवाला ठाऊक.

धाकटी : तुझे स्वतःचे काही रिपोर्ट-बिपोर्ट?

थोरली : नाही गं बाई. ठणठणीत आहे मी.

धाकटी : मग आई.

थोरली : तू तो कोट जरा बाजूला ठेव ना.

धाकटी : हं. पाणी तिथं मुरतंय तर. कोट नाही ठेवणार. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे, आणि कसरीनं कॉलरची चाळण केलीय. हातात सुई असली की मला नीट ऐकू येतं. बोल.

थोरली : मला पण काहीतरी दे मग हातात. तो दोरा गुंडाळून देते.

धाकटी : असंच आलीस ना? मग असंच बस.

थोरली : आईनं बॅग भरलीय.

धाकटी : कसली बॅग?

थोरली : ती निळी, चेन अडकते ती. चार जोड कपडे, टॉवेल, जुना चष्मा, औषधांचा डबा. बाबांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून. सगळ्यात वर स्वेटर. बॅग दाराशी ठेवलीय आणि शेजारी खुर्ची टाकून बसलीय. झोपायला तेवढी आत जाते.

धाकटी : कधीपासून?

थोरली : परवा संध्याकाळपासून.

धाकटी : परवा! आणि मला आज कळतंय? काल कुणाचा वार होता?

थोरली : बुधवार. तुझा.

धाकटी : ...काल हा कोट आला. सोडवत नव्हतं काम. मी फोन केला होता तिला.

थोरली : माहीत आहे. काय म्हणाली?

धाकटी : छान आहे म्हणाली.

थोरली : दाराशी बसून म्हणाली. मी समोर होते. तुझ्या जागी गेले होते.

धाकटी : टोमणा मारलास का?

थोरली : नाही. सांगितलं.

धाकटी : बरं. कुठं जायचं म्हणतेय ती?

थोरली : ते विचारलं मी. म्हणाली, 'तू नेशील तिथं.'

धाकटी : ताई, तू तिला काय सांगितलंस?

थोरली : काही नाही सांगितलं.

धाकटी : अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई काही न सांगता बॅग भरते?

थोरली : खरंच काही सांगितलं नाही. नुसती बसले तिच्याजवळ.

धाकटी : म्हणजे?

थोरली : मंगळवारी ड्यूटीवरून सुटले, तशीच तिच्याकडे गेले. मंगळवार आपल्या बंधुराजांचा. येणार नव्हतेच ते. आईनं दार उघडलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'आज तुझा वार नाही.' मी म्हटलं, असंच आले.

धाकटी : तिलाही असंच!

थोरली : चहा नको म्हटलं. औषधांचा डबा उघडला नाही. पलंगावर तिच्या शेजारी बसले आणि हात हातात घेतला.

धाकटी : नाडी बघायला?

थोरली : नाडी नाही गं. नुसता हात.

धाकटी : तू आईचा हात नुसता धरलास? मग घाबरेल नाही तर काय!

थोरली : तिनं हात काढून घेतला नाही, पण अगदी लाकडासारखा ठेवला. मग हळूच म्हणाली, 'पंधरा मिनिटं झाली का गं?'

धाकटी : अरे देवा.

थोरली : मी घरी गेल्यावर तिनं बॅग भरली.

धाकटी : तुझी ती पंधरा मिनिटं! जेवायला बसलं की तीच गोष्ट, जणू आम्ही तुझ्या नव्या नर्सेस. पेशंटला दुसरीकडे हलवायचं असलं की आदल्या दिवशी पंधरा मिनिटं शेजारी बसायचं. फाइल न्यायची नाही. उभं राहून बोलायचं नाही. आवाज खाली. हात हातात घ्यायचा. पंधरा मिनिटं घातली की दुसऱ्या दिवशीचे दोन तास वाचतात. रडणं नाही, ओढाताण नाही.

थोरली : वाचतात. मोजलेत मी.

धाकटी : बक्षीस मिळालंय त्यावर.

थोरली : प्रशस्तिपत्र.

धाकटी : आई कौतुकानं सांगत फिरायची शेजारीपाजारी. 'माझ्या मोठीनं नुसता हात धरला की माणूस कोकरासारखं उठून चालायला लागतं.' कोकरू! तेव्हाच माझ्या अंगावर काटा यायचा.

थोरली : तेव्हा बोलली नाहीस.

धाकटी : तुझ्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? आता बोलते. म्हातारीचं काय चुकलं? तिला तिच्या लेकीची रीत ठाऊक आहे. लेक वार नसताना आली, गोड बोलली, हात धरला. तिनं ओळखलं. मी पण ओळखलं असतं. खरं सांग, हलवायचंय तिला?

थोरली : नाही.

धाकटी : माझ्याकडे बघून सांग.

थोरली : नाही म्हटलं ना!

धाकटी : तू आल्यापासून तुझा डावा हात पर्सवरून हललेला नाही. पाणी प्यायलीस ते पण उजव्या हातानं, आणि तू तर डावखुरी. काय आहे पर्समध्ये?

थोरली : तू पोलिसात जायला हवं होतंस.

धाकटी : रफूवाली आहे मी. भोक कुठं आहे ते मला आधी दिसतं, कोट मागनं. काढ.

थोरली : ...हे घे.

धाकटी : 'प्रवेश अर्ज.' टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमाचा?

थोरली : हो.

धाकटी : आईचं पूर्ण नाव. वय. आजार : गुडघे, रक्तदाब. तुझंच अक्षर. काय सुबक काढलंयस गं! 'भेटीस येणाऱ्या नातेवाइकांची नावे.' एक तू. दोन भावोजी. तीन रिकामं. चार रिकामं. ताई, माझं नाव कुठं आहे?

थोरली : पेन्सिलनं लिहिलं होतं. खोडलं.

धाकटी : का?

थोरली : खोटं कशाला लिहायचं म्हणून.

धाकटी : खोटं!

थोरली : चिंगे, तुला दुखवायला नाही बोलले. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. त्या आठवड्यात बंधुराजांचा निरोप आला, 'या महिन्यात जमणार नाही, ताई आहेसच.' ताई आहेसच! वॉर्डात दोघीजणी रजेवर. घरी ह्यांची चिडचिड, लेकाचे नापास होण्याचे रंग. आणि तक्त्यावर तुझे लाल चौकोन चौदा होते त्या महिन्यात. गेलीस किती?

धाकटी : मोजू नकोस मला.

थोरली : पाच. उरलेल्या नऊ लाल चौकोनांत पाय माझे होते. सकाळी सहाला तिचं, सातला माझं घर, आठला वॉर्ड. एक दिवस वॉर्डातून निघाले ती थेट टेकडीवर. अर्ज मागितला. बसस्टॉपवर बसून भरला. आणि तुला सांगते, इतकं हलकं वाटलं ना! जणू कुणी माझाच हात धरला पंधरा मिनिटं.

धाकटी : आणि मग दिला का नाहीस?

थोरली : सहीपाशी अडले. दोन महिने अडलेय.

धाकटी : आणि मंगळवारी ठरवलंस, आता तयार करू या म्हातारीला.

थोरली : नाही! ऐक तर. सोमवारी एका आजींना हलवायचं होतं. पायाचं हाड जुळत नव्हतं, घरी न्यायला कुणी नाही. मी माझ्या रीतीप्रमाणे गेले, बसले, हात धरला. गोड बाई. हो हो करत होत्या. मी उठले तर म्हणतात, 'झाली वाटतं पंधरा मिनिटं? शाळेत घंटा देत होते मी, तीस वर्षं. घड्याळाशिवाय कळतं मला. तुमची ही लहान सुट्टी.'

धाकटी : बाईला कळलं होतं तर.

थोरली : पुढं ऐक. म्हणाल्या, 'आता तुम्ही जा, म्हणजे मी रडते. तुम्ही असताना रडले असते तर तुमचा वेळ मोडला असता.' मी चादरींच्या खोलीत जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्यासमोर कुणी रडत नाही म्हणजे माझं काम चांगलं. ते सगळे मी जायची वाट बघत होते गं.

धाकटी : छान आहे गोष्ट.

थोरली : गोष्ट?

धाकटी : ही पण सांगतेस का नव्या नर्सेसना? डोळ्यांत पाणी येतं ऐकताना. माझ्या आलंच होतं. मग म्हटलं, थांब. आवाज खाली आहे. फाइल बाहेर नव्हती. उभी राहून बोलत नाहीये. ताई, तू मला तयार करायला आली आहेस का?

थोरली : चिंगे!

धाकटी : किती वेळ झाला तुला येऊन?

थोरली : चाळीस मिनिटं.

धाकटी : बघ, मोजतेस!

थोरली : सवय आहे ती! श्वास घेते तशी मोजते मी. तुझा टाका किती वेळानं पडतो ते पण सांगू शकेन. त्याला मी काय करू?

धाकटी : मग मंगळवारी आईकडे कशाला गेलीस, ते सांग. खरं.

थोरली : न मोजता बसून बघायला. जमतं का ते. बाहेर कुणाजवळ बसायची लाज वाटली. म्हटलं, आई आहे, तिच्याजवळ सराव करू. आणि तिनं बॅग भरली.

धाकटी : हसू नकोस.

थोरली : रडत नाहीये म्हणून हसतेय.

धाकटी : मग आता माझ्याकडून काय हवंय? आलीस ना शेवटी कामानंच!

थोरली : आले. माझ्यावर विश्वास नाही तिचा. मी जितकं गोड बोलेन तितकी ती स्वेटरची घडी नीट करेल. तुझं ऐकते ती. तू सांग, कुठं नेणार नाही म्हणून.

धाकटी : खरं आहे का ते?

थोरली : आज खरं आहे.

धाकटी : आज!

थोरली : पुढच्या वर्षी तिचे गुडघे काय म्हणतील, माझी कंबर काय म्हणेल, तू किती चौकोन भरशील, मला काय ठाऊक? वॉर्डात मी खूप वचनं दिली. 'लवकर भेटू या आजी.' एकीलाही भेटले नाही. म्हणून इथं देत नाहीये. चिडलीस तरी चालेल.

धाकटी : चिडले नाही. इतक्या वेळात पहिल्यांदा तुझं एक वाक्य पटलं.

थोरली : आणि तो अर्ज तू ठेव. माझ्याजवळ नको.

धाकटी : माझ्याजवळ तर मुळीच नको. तू सहीपाशी अडलीस. मी एखाद्या दिवशी वैतागून सही करून टाकेन. काय बघतेस? तू एकटीच थकतेस वाटतं? मी तिच्याकडे जात नाही, कारण गेले की तिचा हात धरवत नाही मला, पाय धरवत नाहीत, सुकत चाललेलं माणूस बघवत नाही. म्हणून मग कोट. कोट काही म्हातारा होत नाही, दुरुस्त होतो.

थोरली : हे कधी बोलली नाहीस.

धाकटी : तक्त्यात त्याला रंग नव्हता. ठेव तो अर्ज पर्समध्ये. आणि तिसऱ्या ओळीत माझं नाव लिही. पेनानं. द्यायचा म्हणून नाही. रिकामी ओळ बघवत नाही मला.

थोरली : फोन लाव आधी.

धाकटी : तू बोलू नकोस मध्ये. श्वास पण घेऊ नकोस जोरात.

(धाकटी आईला फोन लावते, स्पीकर चालू करून तो कोटावर ठेवते. बराच वेळ घंटी वाजते. थोरलीचा हात अजून पर्सवरच आहे.)

आई : बोल.

धाकटी : आई, मी बोलतेय.

आई : आज तुझा वार नाही.

धाकटी : नाही. असाच केला फोन.

आई : तू पण? काय आजार आलाय गं घरात? मोठी बसलीय ना तिथं?

धाकटी : कोण म्हणतं?

आई : श्वास ऐकू येतोय. कामावर निघाल्यासारखा श्वास घेते ती, लहानपणापासून.

धाकटी : आई, ती बॅग रिकामी कर. कुणी कुठं नेत नाहीये तुला.

आई : असं ती सांगतेय?

धाकटी : हो.

आई : तुझा हात धरून सांगतेय का?

धाकटी : नाही. पर्स धरून.

आई : मग असेल खरं.

थोरली : आई, मी एक अर्ज आणला होता. टेकडीवरचा.

आई : माहीत आहे.

थोरली : माहीत आहे? कसं?

आई : औषधाची चिठ्ठी काढ म्हणालीस पर्समधून. काढली, तर तो वर आला. दोन महिने झाले. अक्षर छान काढलंयस. आजारात माझे डोळे लिहायचे राहिलेत.

धाकटी : आई, दोन महिने तू गप्प बसलीस?

आई : मग काय दवंडी पिटू? वाटलं, सांगेल तेव्हा सांगेल. मग परवा आली, चहा नको म्हणाली, हात धरला. म्हटलं, आलं बाई. ती हलवते कशी ते मला पाठ आहे. आपणच बॅग भरून ठेवली, तर पोरीचे दुसऱ्या दिवशीचे दोन तास वाचतील.

थोरली : ...

आई : गेली का फोनवरून?

धाकटी : आहे.

आई : काय करतेय?

धाकटी : रडतेय.

आई : किती वेळ झाला?

धाकटी : मोजलं नाही आई.

आई : बरं. रडू दे मग. मी आहे फोनवर.

धाकटी : मी येतेय आत्ता तुझ्याकडे. कोट घेऊन येते, तिथंच बसून संपवते. गिऱ्हाइकाला तुझा पत्ता देते.

आई : दाराशी उजेड चांगला आहे. खुर्ची आहेच मांडलेली.

थोरली : आई, मी पण येते.

आई : कशाला?

थोरली : माहीत नाही. काही काम नाही.

आई : किती वेळ?

थोरली : ते पण माहीत नाही.

आई : हं. ये. मटार सोलायला ठेवते तुझ्यासाठी. रिकामी बसलीस की मला धसका बसतो.

धाकटी : आणि बॅग, आई?

आई : स्वेटर काढते वरचा. थंडी वाजतेय. बाकीचं राहू दे सध्या.